चपला झटकल्या का?

दोस्तांनो, सुट्टीत कोकणात जाणार ना? चला तर, तिथल्या घराभोवती एक फेरी मारू. हात मात्र कुठंच घालायचा नाही हं!

हा अंगणाकडेचा जांभ्याचा गडगा. फटीत काहीतरी हललं? लांबूनच पाय मोजा. ६ भरले तर कीटक. ८ पाय, पुढे दोन चिमटे आणि मागे वर वळलेली शेपटी असेल, तर तो विंचू! कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद.

आता चिमटे नीट बघा. जाडजूड चिमट्यांचा मोठा काळा विंचू पाहून सगळ्यांची बोबडी वळते. त्याचा डंख दुखतो खूप, पण जिवावर क्वचितच बेतते. खरा धाक बाळगायचा तो लहानशा लाल विंचवाचा! बारीक चिमटे, जाड शेपटी. त्याचं विष थेट हृदयाला त्रास देतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या रुग्णांना दिलं आणि कितीतरी जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचू डसलाच, तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका, दोरीनं आवळून बांधू नका. लगेच मोठ्यांना सांगा आणि दवाखाना गाठा. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण!

एरवी विंचू बिचारा झुरळं, रातकिडे खाऊन राहतो. दिवसा त्याला अंधारी जागा लागते, लाकडाच्या ढिगात, कौलांखाली, नाहीतर पडवीतल्या तुमच्या चपलेत!

मग, निघताना काय करायचं?

झटका चपला!