भातशेतीखालची माती, बिझेनची आग

ओकायामा स्टेशनातून आको मार्गाची लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत इंबे येतं. स्टेशनाबाहेर पडताच कौलारू छपरांच्या वर डोकावणारी विटांची चौकोनी धुराडी दिसतात. प्रत्येक धुराड्याखाली एक भट्टी, आणि भट्टीला लागून कुणाचं तरी घर. पश्चिम जपानातल्या बिझेन शहराचा हा भाग. बाराव्या शतकापासून इथली माणसं मातीची भांडी घडवतात आणि लाकडाच्या आगीत भाजतात. आजही शेकडो कलाकार त्याच कामावर जगतात.

जपानच्या 'सहा प्राचीन भट्ट्यां'मध्ये सेतो, तोकोनामे, शिगाराकी, ताम्बा आणि एचिझेन यांच्या जोडीने बिझेनचं नाव घेतलं जातं. 2017 साली या सहा केंद्रांना मिळून 'जपान वारसा' हा सरकारी दर्जा मिळाला. या सहांत बिझेन लगेच ओळखू येतं. इथल्या भांड्यावर झिलई नसते, नक्षीकाम नसतं, कुंचल्याची गरजच पडत नाही. विटकरी, तपकिरी, करडा, क्वचित निळसर राखी असा जो काही रंग दिसतो, तो सगळा माती, राख आणि ज्वाळा यांच्यातून आलेला असतो.

पुण्यात विजेच्या चाकावर हात बसवून मी इथे शिकायला आले. बिझेनमधल्या शिक्षणाचा क्रम मात्र चाकापासून सुरू होत नाही. कार्यशाळेत नवा माणूस आला की त्याच्या वाट्याला आधी माती येते, मग सरपण, मग झाडलोट. चाक त्यानंतर.

आणि ही माती साधी नाही. तिला 'हियोसे' म्हणतात. ती भाताच्या खाचरांखाली, जमिनीत काही मीटर खोल असलेल्या थरात सापडते. हंगाम संपला की शेत उकरायचं, माती काढून घ्यायची आणि जमीन पुन्हा पूर्ववत करून शेतकऱ्याच्या हवाली करायची, अशी रीत. काढलेली माती लगेच वापरत नाहीत. ती ऊनपावसात, थंडीत वर्षानुवर्षं पडून राहते. नंतर ती कुटायची, भिजवायची, खडे आणि मुळ्या काढून टाकायच्या, डोंगरातली माती बेताने मिसळायची आणि पुन्हा मुरत ठेवायची. हातात घेतली तर ही माती काळपट, चिकट आणि इतकी बारीक लागते की बोटांच्या चिरांमधून सहज निघत नाही. तिच्यात लोह भरपूर आहे आणि कुजलेल्या वनस्पतींचा अंशही.

या मातीचे दोन स्वभाव सगळ्या बिझेनचं रूप ठरवतात. सुकताना आणि भाजताना ती खूप आकसते, त्यामुळे तिच्यावर झिलई नीट टिकत नाही. आणि झपाट्याने चढणारी उष्णता तिला सोसत नाही. घाई केली की भांडं तडकतं. म्हणून बिनझिलईचं काम आणि दिवसेंदिवस चालणारी संथ आग, या दोन्ही गोष्टी मातीनेच कुंभारावर लादलेल्या आहेत. सौंदर्याचं तत्त्वज्ञान पुष्कळ नंतर आलं. आधी होता तो मातीशी केलेला समझोता.

माती मळतानाही घाई चालत नाही. सकाळची पहिली कामगिरी म्हणजे मातीचा मोठा गोळा जमिनीलगतच्या जाड फळीवर घेऊन मळणं. उजव्या हाताचा तळवा दाब देतो, डावा हात गोळा किंचित फिरवतो. प्रत्येक दाबाला एक घडी पडते आणि हळूहळू गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारखं वर्तुळ उमटतं. हात थांबला की सेन्सेई, म्हणजे कार्यशाळेचे गुरू, गोळा तारेने मधोमध कापतात आणि दोन्ही कापलेले पृष्ठभाग बोटाने चाचपतात. हवेचं टाचणीएवढं छिद्र जरी सापडलं, तरी गोळा पुन्हा फळीवर येतो. भट्टीत फुटणारं भांडं एकटं फुटत नाही, शेजारच्यांनाही घेऊन जातं, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण असतं.

चाकावरही जुळवून घेण्यासारखं बरंच आहे. जपानी चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. उलट्या दिशेने शिकलेल्या हातांना आत कोणता, बाहेर कोणता, दाब कुठल्या बाजूने, हे सगळं नव्याने लावून घ्यावं लागतं. मोठ्या गोळ्याच्या टोकावरच एकामागून एक वाट्या काढायच्या आणि दोऱ्याने अलगद कापून बाजूला ठेवायच्या. माप घ्यायला बांबूची एक नाजूक फुली असते. तिची उभी काडी खोली दाखवते, आडवी काडी तोंडाची रुंदी. सगळ्या वाट्या सारख्या याव्यात, हा तिचा उपयोग. जपानी कुंभारकामावर पाश्चात्त्य पुस्तकांतून वाचलेलं 'ओबडधोबडपणाचं सौंदर्य' या फुलीपुढे टिकत नाही. आधी सारखेपणा हाताला यावा लागतो.

तरीही बिझेनमधली खरी कारागिरी बघायची असेल तर भट्टी भरताना बघावी. डोंगरउतारावर चढत गेलेल्या कक्षांची ही भट्टी. कक्षाचं तोंड इतकं अरुंद, की आत रांगतच जावं लागतं. एक जण आत उकिडवा बसतो, बाकीचे बाहेरून भांडी देत राहतात. कोणतं भांडं कुठे ठेवायचं, हे कित्येकदा ते घडवतानाच ठरलेलं असतं. अग्निमुखाजवळ ठेवलेल्या बरणीच्या खांद्यावर उडालेली राख बसते, वितळते आणि तिळासारखे पिवळसर ठिपके उठतात. त्याचं नाव गोमा, म्हणजे तीळच. ज्या भांड्यांवर निखारे पडून ती राखेत अर्धीअधिक गाडली जातील, त्यांना हवा कमी मिळते आणि निळसर करडा रंग चढतो. तो सांगिरी. ताटावर मातीची गोल चकती ठेवून भाजलं, तर चकतीखालचा भाग राखेपासून वाचतो आणि तांबूस वर्तुळ उरतं. ते बोतामोची.

सर्वांत सुंदर असतं ते हिदासुकी. फिक्या, जवळपास साईच्या रंगाच्या भांड्यावर शेंदरी-लाल रेघा. त्यासाठी भाताचा पेंढा ठोकून मऊ करतात, ओलावतात आणि कच्च्या भांड्याभोवती गुंडाळतात. ही भांडी ज्वाळा आणि राख पोहोचणार नाही अशा जागी, बहुधा दुसऱ्या मोठ्या भांड्याच्या पोटात ठेवतात. आमच्या कार्यशाळेत पेंढ्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या बाई प्रत्येक काडी निवडून घेत. काडी कुठे वळेल, कुठे एकावर एक येतील, कुठे माती उघडी राहील, हे त्या भांडं हातात फिरवून आधी बघत आणि मगच गुंडाळत. पेंढा तर आगीत जळून जाणार. उरणार ती त्याची रेघ.

ही पद्धत मुळात सोयीची होती. एकात एक रचलेली भांडी चिकटू नयेत म्हणून मधे पेंढा घालत. लाल रेघ का उमटते, याचा उलगडा ओकायामातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अलीकडे केला. पेंढ्यातलं पोटॅशियम मातीशी संयोग पावतं आणि त्या जागी पृष्ठभाग थोडा वितळतो. भट्टी थंड होत असताना त्या वितळलेल्या थरात मातीतल्या लोहाचे हेमाटाइटचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. लाल रंग त्यांचा. थंड होण्याचा वेग बदलला की स्फटिकांची वाढ बदलते आणि रंगही. भट्टी उघडण्याची घाई करायची नाही, हा वडीलधाऱ्यांचा नियम रसायनशास्त्राच्या कसोटीवर असा खरा उतरला.

आग साधारण दहा दिवस ते दोन आठवडे चालते, रात्रंदिवस, पाळ्या लावून. सुरुवातीला मंद धग, मातीतला ओलावा निघून जावा म्हणून. मग टप्प्याटप्प्याने वाढवत शेवटी 1,200 अंश सेल्सिअसच्या वर. सरपण लाल पाइनचं. त्यातल्या राळेमुळे ज्वाळा लांब जाते आणि राखही हवी तशी मिळते. रात्रपाळीला लाकूड टाकणाऱ्याने घड्याळापेक्षा भट्टीकडे बघायचं. ढलप्या आत गेल्या की भट्टी घुमते, धुराड्यातून काळा धूर निघतो, झरोक्याशी ज्वाळेची जीभ बाहेर येते. धूर पातळ झाला, जीभ आत गेली, की पुढची ढलपी. आधी टाकली तर आग गुदमरते, उशीर केला तर उष्णता उतरते. सेन्सेई जवळच बाकावर पडलेले असत. झोप लागली असं वाटे, पण घुमण्याचा आवाज जरा बदलला की ते डोळे उघडत.

एवढ्या कष्टाने घडणाऱ्या या भांड्यांचा इतिहास अगदी घरगुती आहे. मध्ययुगात बिझेनची ख्याती होती ती रांजण, बरण्या आणि वाटणाच्या खरबरीत कुंड्यांसाठी. बिझेनची कुंडी आपटली तरी फुटत नाही, असा लौकिक देशभर होता. इंबे स्टेशनाच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी जुन्या सामूहिक भट्ट्यांचे अवशेष आहेत. त्यांतली सर्वांत मोठी सुमारे 54 मीटर लांब. सोळाव्या शतकात चहाविधीच्या आचार्यांची नजर या साध्या भांड्यांवर गेली आणि शेतकऱ्याघरची बरणी सरदारांच्या चहाघरात पाणी ठेवायला आली. सतराव्या शतकात आरिताची पांढरी, चकचकीत पोर्सलेन बाजारात आली आणि बिझेनला उतरती कळा लागली. स्थानिक इकेदा घराण्याच्या आश्रयावर काम तगलं. त्याच घराण्याने उभारलेल्या शिझुतानी विद्यालयाचं 1701 सालचं सभागृह जवळच आहे. त्याच्या छपरावर बिझेनची कौलं आहेत.

सम्राट मेइजींच्या काळात इथल्या भट्ट्यांतून सांडपाण्याचे नळ आणि विटा निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा हातबॉम्बची कवचंसुद्धा याच मातीची बनली. कलेच्या नावाने ओळखलं जाणारं हे गाव पोटासाठी आणि हुकुमासाठी काय काय करून बसलं, हे विसरता कामा नये. कानेशिगे तोयो (1896–1967) यांचं मोल त्यामुळेच कळतं. मातीच्या शोभेच्या मूर्ती करण्यात नाव कमावल्यावर त्यांनी ते काम मागे ठेवलं. सोळाव्या शतकातली जुनी भांडी अभ्यासून त्यांनी मातीची निवड आणि भट्टीची मांडणी पुन्हा शोधून काढली. 1956 मध्ये ते 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरले. बिझेनला मिळालेला हा पहिला मान. पुढे फुजिवारा केई, यामामोतो तोशू, फुजिवारा यू आणि इसेझाकी जुन यांनाही तो मिळाला. 1952 साली शिल्पकार इसामु नोगुची आणि कलावंत कितओजी रोसान्जिन यांनी कानेशिगेंच्या कार्यशाळेत येऊन काम केलं होतं.

यामामोतो तोशू यांचं नाव भारतीयांनी लक्षात ठेवावं असं आहे. अमेरिकेच्या डेबोरा स्मिथ त्यांच्याकडे बिझेनमध्ये शिकल्या. पुढे 1971 मध्ये त्यांनी रे मीकर यांच्यासह पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी उभी केली. भारतातल्या स्टुडिओ पॉटरीची एक अख्खी पिढी तिथे घडली, तीत मुंबई-पुण्याचे लोकही आहेत. गोळा तारेने कापून तपासण्याची सवय मी पहिल्यांदा पुण्यात माझ्या बाईंकडे पाहिली होती, आणि त्या तिथेच शिकल्या होत्या.

भट्टी उघडायला आग थांबल्यावर आणखी आठवडाभर तरी वाट बघावी लागते. दार फोडलं की आतली ऊब अंगावर येते आणि भांडी एकेक करून बाहेर निघतात. काही तडकलेली, काही एकमेकांना चिकटलेली. चांगली निघालेली हातात घेऊन सेन्सेई आधी तळ बघतात, मग वहीत टिपण करतात: कुठल्या कक्षात, कुठल्या ओळीत, कशाच्या शेजारी होतं. अशा वह्यांची चळत त्यांच्या मांडणीत आहे. बिझेनचं भांडं 'योगायोगाने' सुंदर होतं असं लिहिणाऱ्यांनी त्या वह्या एकदा चाळाव्यात. योगायोगाला जागा कुठे द्यायची, हे इथला कुंभार पुरतं ठरवून असतो. म्हणूनच माझ्या मते बिझेनकडून शिकायची पहिली गोष्ट म्हणजे चाकाआधीची आणि चाकानंतरची मेहनत. चाक त्या दोहोंमधला लहानसा टप्पा आहे.

ज्यांना जायचं असेल त्यांनी थोडी तयारी करून जावं. ऑक्टोबरात इथे बिझेन-याकीचा, म्हणजे बिझेनच्या भांड्यांचा, मोठा उत्सव भरतो. तो खरेदीला उत्तम, पण त्या गर्दीत शिकणं होत नाही. प्रवाशांसाठी तासाभराचे वर्ग मिळतात. त्यात केलेली वाटी पुढच्या भट्टीत भाजून काही महिन्यांनी टपालाने येते. गंभीरपणे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी बिझेन तोगेई सेंटर ही प्रशिक्षण संस्था आहे. कामापुरती जपानी भाषा शिकून जावी, आणि कार्यशाळेत पाऊल ठेवल्यावर चाक मागण्याऐवजी भट्टी भरताना हात लावू देण्याची विनंती करावी.

आणि एक मागणी आपल्याकडच्या कलामहाविद्यालयांकडे आणि स्टुडिओंकडे. आपला विद्यार्थी पिशवीतल्या तयार मातीने सुरुवात करतो आणि विजेच्या भट्टीचं बटण दाबून थांबतो. मधलं सगळं त्याला येतं, दोन्ही टोकं राहून जातात. कोकणापासून विदर्भापर्यंत कुंभारवाड्यांत माती ओळखणारी, आवा लावणारी माणसं अजून आहेत. अभ्यासक्रमाचं एक सत्र त्यांच्याकडे काढावं: माती खणावी, गाळावी, मुरवावी आणि लाकडावर भाजावी. त्यासाठी जपानला जावं लागत नाही.