मामूंच्या पेटीतले सह्यांचे फोटो

कोकणी मुसलमानांच्या घरांत बोटीवर गेलेल्या माणसाची पेटी हा वेगळाच विषय आहे. कुणाच्या पेटीत जपानी रेडिओ निघतो, कुणाच्या पेटीत चिनी मातीचे कप. आमच्या मामूंच्या पेटीतून हॉलिवूडच्या नटनट्यांचे सह्या केलेले फोटो निघाले. एकूण एकतीस.

मामू १९५२ साली बोटीवर लागले. वर्षातले दहा-अकरा महिने समुद्रावर. इंग्रजी मोडकंतोडकं, पण पत्रापुरतं पुरे. बोट बंदराला लागली की सिनेमा, आणि सिनेमा आवडला की स्टुडिओच्या पत्त्यावर पत्र. उत्तरासाठी पत्ता मात्र गावचा. त्यामुळे व्हायचं असं की मामू असायचे अटलांटिकमध्ये आणि मेरलिन मन्रो येऊन थांबायची रत्नागिरी जिल्ह्यातल्या नानीच्या पडवीत. नानी पाकीट फोडायची, बघायची, "तौबा तौबा" म्हणायची आणि फोटो पेटीत तोंड खाली करून ठेवायची. नमाजच्या घरात भिंतीवर तसबीर लागणार नाही, हा तिचा नियम. मुलाची वस्तू फाडायची नाही, हाही तिचाच नियम. उजेडाने शाई उडते, म्हणून मोठमोठे संग्राहक असे फोटो अंधारात जपतात. नानीने ते काम फुकटात केलं.

मामू गेले त्याला आता तीन वर्षं होतील. मागच्या पावसाळ्यात मामेबहिणीच्या घराचं छप्पर गेलं. परदेशात अशा फोटोंना पैसे मिळतात असं तिच्या मुलाने मोबाइलवर पाहिलं होतं. ती पेटी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भाईजान, यातले खरे किती, तेवढं सांगा."

एवढ्या एका प्रश्नापायी माझे आठ महिने गेले.

मुळात स्टुडिओ म्हणजे कारखानाच होता. क्लारा बो या मूकपटांच्या नटीला एकेका महिन्यात पंचेचाळीस हजार पत्रं यायची असं सांगतात. एवढ्या सह्या कोण करणार? म्हणून चाहत्यांच्या पत्रांसाठी स्टुडिओत वेगळा विभाग असे आणि तिथल्या सेक्रेटरी नटाच्या वतीने सही ठोकत. काही फोटोंवर रबरी शिक्का. काहींवर तर सही फोटोबरोबरच छापलेली. जीन हार्लो १९३७ साली अवघ्या सव्वीसाव्या वर्षी वारली. तिच्या नावाने फिरणाऱ्या बहुतेक फोटोंवरची सही तिच्या आईने केलेली आहे, आणि संग्राहकांना त्या आईचं अक्षर आता मुलीच्या अक्षराइतकंच ओळखू येतं. ग्रेटा गार्बोचा प्रश्न नाही. ती सही देतच नसे.

खरं-खोटं ओळखायच्या युक्त्या तशा साध्या आहेत. फोटो उजेडात तिरका धरायचा. शाई असेल तर ती कागदावर वेगळी चमकते, छापील सही चमकत नाही. एकाच नटाच्या दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नये. माणूस दोनदा सारखी सही करत नाही, शिक्का आणि यंत्र करतं. आणि तारखा बघायच्या. बारीक टोकाचा शार्पी मार्कर १९६४ साली बाजारात आला. जेम्स डीन वारला १९५५ साली. तरी शार्पीने सही केलेला जेम्स डीन विकायला ठेवणारे महाभाग मी स्वतः पाहिले. या धंद्यात लाज कमीच. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने खोट्या सह्यांची एक टोळी पकडली, तर त्या मालात मदर तेरेसांनी सही केलेले बेसबॉलचे चेंडूही निघाले!

मामूंच्या एकतीसपैकी चौदा सह्या छापील निघाल्या, गॅरी कूपरसकट. नऊ सेक्रेटरीच्या हातच्या. मन्रोबाई त्यातच. पाचांबद्दल कोणीच खात्रीने बोलेना. उरले तीन.

पहिला मर्ल ओबेरॉनचा. सही तिचीच, शंभर टक्के. पण नाव? ही बाई १९११ साली आपल्या मुंबईत जन्मली. अँग्लो-इंडियन घरातली, गरिबीतली. सिनेमात जाताना नाव बदललं आणि जन्म टास्मानियाचा सांगितला. 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, तरी मुंबईचं नाव काढायची सोय नव्हती. गोऱ्यांच्या त्या जगात रंग कळला असता तर सगळं गेलं असतं. कुणी नाव लपवून भाड्याचं घर मिळवलं की आपल्याकडे लोक त्याला खोटारडा म्हणतात. मला तिच्या सहीकडे बघून तसं म्हणवत नाही.

दुसरा साबूचा. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा, मुसलमान घरातला. १९३७ च्या 'एलिफंट बॉय'ने तो जगभर पोचला, मग 'थीफ ऑफ बगदाद', 'जंगल बुक'. १९४४ साली अमेरिकेचा नागरिक झाला, महायुद्धात बॉम्बर विमानात गनर होता, शौर्याचं पदक मिळवलं. पण पडद्यावर त्याच्या वाट्याला शेवटपर्यंत जंगल, हत्ती आणि उघडं अंगच आलं. १९६३ साली एकोणचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. फोटोवर इंग्रजी चार अक्षरं, साधी, शाळकरी. मामू म्हणायचे, "हा आपला." घरात कुणी कौतुक केलं नाही. कुणाला तो ठाऊकच नव्हता.

तिसरा स्टॅन लॉरेलचा. लॉरेल-हार्डीतला बारीक तो. हार्डी गेल्यावर म्हातारपणी हा माणूस सांता मोनिकात एका साध्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि त्याचा नंबर चक्क टेलिफोन डिरेक्टरीत होता. कुणीही फोन करावा, भेटायला यावं. पत्रांना उत्तरंही तो स्वतःच द्यायचा. मामूंची बोट लॉस एंजेलिसला लागली तेव्हा त्यांनी डिरेक्टरीत नाव शोधलं, फोन करायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र टाकलं. सहा आठवड्यांनी पाकीट गावी. फोटोवर मामूंचं पूर्ण नाव, एका अक्षराची चूक करून, आणि खाली सही.

मी या तिन्हींचे स्कॅन एका परदेशी व्यापाऱ्याला पाठवले. त्याने मर्ल ओबेरॉन आणि साबूचे भाव कळवले, बरे होते. लॉरेलपुढे लिहिलं होतं, सही अस्सल, पण वर भलत्याच माणसाचं नाव आहे, त्यामुळे किंमत निम्मी. नाव नसतं तर पूर्ण मिळाली असती.

मी ते बहिणीला वाचून दाखवलं. तिने दोनदा विचारलं, "भलत्याच माणसाचं?"

मर्ल ओबेरॉन गेली. सेक्रेटरीच्या सह्यांचे नऊही गेले, कारण त्यांनाही गिऱ्हाईक असतं, फक्त यादीत तसं स्पष्ट लिहावं लागतं. ते मी लिहिलं. छप्पराचे निम्मे पैसे उभे राहिले, उरलेले तिने भिशीतून उचलले. साबू मी ठेवून घेतला आणि व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम तिला दिली. लॉरेल तिच्याकडे आहे, नानीच्याच पेटीत. फक्त आता तोंड वर करून.