खाडीपलीकडचं एस्सेल वर्ल्ड

बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं, की साधारण अठ्ठावीस किलोमीटरवर बिडदी लागतं. ताटलीएवढ्या मोठ्या, मऊसूत तट्टे इडलीसाठी हे गाव प्रसिद्ध. आता मात्र तिथे गर्दी होते ती वंडरला पार्कमुळे. २००५ साली सुरू झालेल्या या पार्कच्या तिकिटाच्या रांगेत सुट्टीच्या दिवशी कन्नड, तमिळ, तेलुगूबरोबर मराठीही हमखास कानावर पडते. पुण्याची, नागपूरची, डोंबिवलीची मंडळी नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झाली, त्यांची मुलं इथेच वाढताहेत. रोलर कोस्टरकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला बाबा उत्साहानं सांगू लागतात, ‘आमच्या लहानपणी असं एक एस्सेल वर्ल्ड होतं...’ मग मुलगा विचारतो, ‘जाऊया ना तिथे, मे महिन्यात आजीकडे गेल्यावर?’ आणि बाबांची पंचाईत होते.

कारण मे महिन्यात आजीकडे जाता येतं, गोराईच्या जेट्टीवरही जाता येतं. एस्सेल वर्ल्डमध्ये मात्र जाता येत नाही.

१९८९ साली गोराईत सुरू झालेलं हे मनोरंजन उद्यान महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीच्या बालपणाचा भाग होऊन बसलं होतं. टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूब बनवणाऱ्या एस्सेल समूहाचे सुभाष चंद्र यांनी ते उभारलं. तीनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, याच गृहस्थांनी झी टीव्ही सुरू केला. म्हणजे मध्यमवर्गाची संध्याकाळ आणि मध्यमवर्गाची सुट्टी, दोन्हींवर एकाच उद्योजकाची नजर होती म्हणायची! परदेशी धर्तीच्या राइड्स, बर्फावर स्केटिंग, बोलिंग, झपाटलेलं घर असं सगळं एकत्र, हे मुंबईकरांनी तोवर पाहिलंच नव्हतं.

मग त्याआधी मुंबईकर काय करत? जत्रेला जात. सप्टेंबरात वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, डिसेंबरात माहीमचा उरूस. तिथले आकाशपाळणे, मौत का कुआँ, बंदुकीनं फुगे फोडायचे स्टॉल. जुन्या आकाशपाळण्यांना मोटार नसे. दोन-तीन काटक पोरं लोखंडी सांगाड्यावर माकडासारखी चढत आणि आपल्या अंगाच्या वजनानं पाळणा फिरवत. वर पोचलेल्या पाळण्यात जीव मुठीत धरून बसलेल्यांपेक्षा त्या पोरांकडेच लोक जास्त बघत. हा आकाशपाळणा जगभर गाजला तो १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातल्या जॉर्ज फेरिसच्या चक्रामुळे. ते २६४ फूट उंच होतं आणि त्याला ३६ डबे होते. त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १८४३ मध्ये, कोपनहेगनला टिव्होली बाग सुरू झाली. ती अजून चालू आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं आणि ‘एकदा तिकीट काढून आत शिरायचं, दिवसभर दुसऱ्याच जगात राहायचं’ ही कल्पना घरोघर पोचली. दिल्लीला ती अप्पू घराच्या रूपानं मिळाली. १९८२ च्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह असलेल्या हत्तीवरून नाव घेतलेलं हे उद्यान प्रगती मैदानाजवळ १९८४ मध्ये सुरू झालं. मुंबईला पाच वर्षं आणखी थांबावं लागलं.

पण मुंबईनं ते बांधलं कुठे, तर खाडीपलीकडे!

एस्सेल वर्ल्डची खरी मजा इथूनच सुरू होत असे. बोरिवलीला लोकलमधून उतरायचं, बस किंवा रिक्षा करून गोराई जेट्टी गाठायची, नाहीतर मालाडहून मार्वेला जायचं. तिथून लाँच. रस्त्यानं जायचं तर भाईंदर, उत्तन असा मोठाच वळसा. त्यामुळे बहुतेक सगळे बोटीनंच जात. खाडीचं मचूळ पाणी, दोन्ही काठांना तिवरांचं जंगल, सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि इंजिनाची धडधड. घाटावरच्या कित्येक मुलांनी आयुष्यात पहिली बोट पाहिली ती याच फेरीत. सातारा, नाशिक, नगरच्या शाळांच्या सहली रात्रीच एसटीनं निघत आणि पहाटे तोंडं न धुताच जेट्टीवर हजर होत. बाई बोटीत चढताना मुलं मोजत, उतरताना पुन्हा मोजत. परतीच्या फेरीत ती मोजणी जास्त काळजीनं व्हायची. कारण दूरदर्शनवरच्या त्या सुप्रसिद्ध जाहिरातीतल्या मुलासारखं ‘मी इथेच राहणार’ असं म्हणणारं एखादं कार्टं प्रत्येक वर्गात असेच!

ती जाहिरात हा खरं तर स्वतंत्र विषय आहे. घरी जायला नकार देणाऱ्या मुलाचं ते गाणं ज्यांनी कधी गोराई पाहिलंसुद्धा नाही त्यांनाही पाठ होतं. विदर्भातल्या एखाद्या गावात वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळवले तर ‘काय पाहिजे?’ याचं उत्तर सायकल किंवा एस्सेल वर्ल्ड असं असे. आईवडिलांना सायकल सोपी वाटे, आणि हिशेब केला तर ती तशीच असायची. चौघांचं रेल्वेभाडं, लोकल, रिक्षा, बोट, तिकिटं, आतलं खाणं... महिन्याच्या खर्चाला चांगलंच भगदाड पडे. म्हणूनच ही सहल वर्षात एकदाच, कित्येक घरांत तर जन्मात एकदाच होई. फोटोच्या अल्बममध्ये तिची स्वतंत्र पानं असत. छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरायचा, आणि त्यातला निम्मा प्रवेशद्वारापाशीच संपायचा.

आत शिरल्यावर घरच्या मंडळींची आपोआप वाटणी होत असे. बाबा आणि मुलं रांगेत. आजी झाडाखालच्या बाकावर पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. आई दोहोंच्या मध्ये. एंटरप्राइज, टॉप स्पिन, शॉट-एन-ड्रॉप, झिपर डिपर, हूला लूप ही नावं मुलांना आदल्या दिवशीच तोंडपाठ झालेली असत. ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’ या भुताटकीच्या घरात शिरताना सगळ्यात पुढे असलेला दादा बाहेर येताना सगळ्यात मागे असायचा.

या यंत्रांमागचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिनच नसतं. साखळी तिला पहिल्या, सर्वांत उंच चढावर ओढून नेते, आणि त्यानंतरचा सगळा प्रवास ती गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर करते. म्हणून पुढचा कोणताही चढ पहिल्यापेक्षा लहानच ठेवावा लागतो. गाडी रुळावरून निसटू नये म्हणून चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही असतात. एंटरप्राइजचं चक्र आधी आडवं फिरतं, मग हळूहळू उभं होतं. डोकं खाली, पाय वर, तरी माणूस पडत नाही. पाण्यानं भरलेली बादली जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, तेच हे. टक्कर देणाऱ्या गाड्यांच्या मागे जी उंच काठी असते, ती छताच्या जाळीतून वीज घेते आणि जमिनीच्या पत्र्यातून ती परत जाते. वर ठिणगी उडाली की येणारा तो विशिष्ट वास नाकात बसलेली मंडळी आज चाळिशीत आहेत. विज्ञानाच्या तासाला न समजलेला केंद्राभिमुख बल कित्येकांना गोराईला समजला असेल, निदान पोटात तरी!

१९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम सुरू झालं आणि सहलीचं गणित बदललं. मुंबईच्या उकाड्यात पाणी कुणाला नको? कृत्रिम लाटांच्या तलावात आजीबाईसुद्धा पदर खोचून उतरू लागल्या. हळूहळू लोक विचारू लागले, ‘वॉटर किंगडम की एस्सेल वर्ल्ड?’ पूर्वी हा प्रश्न नव्हता. पाण्याच्या घसरगुंडीवर माणूस दहादा जातो, दर उन्हाळ्यात पुन्हा येतो. उलटंपालटं करणारी राइड एकदा केली, की तिची कहाणी सांगण्यातच जास्त मजा असते.

शिवाय लोखंड खाडीकाठी उभं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साध्या खिडकीचे गज तग धरत नाहीत, तिथे फिरत्या यंत्रांची काय कथा! अशा उद्यानात रोज सकाळी प्रत्येक राइडची तपासणी, रिकामी फेरी, रंगरंगोटी, सुटे भाग हा खर्च गर्दी असो वा नसो, चुकत नाही. पाहुणा येतो तो मात्र सुट्टीत आणि शनिवार-रविवारी. जुलैतल्या मंगळवारी अख्खं उद्यान मोजक्या लोकांसाठी चालवायचं म्हणजे मालकाची झोप उडणारच. त्यात कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या तिकिटावर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला.

स्पर्धाही वाढत गेली. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं थेट गाडीनं जाता येतं, बोटीची भानगड नाही. ज्या बोटीमुळे एस्सेल वर्ल्डची सहल ही सहल वाटायची, तीच आता अडचण वाटू लागली. घरात गाडी आली, की माणसाला पार्किंग आधी दिसतं आणि समुद्र नंतर! उपनगरातल्या मॉलमध्ये खेळांची दालनं झाली, बालवाढदिवस तिकडे वळले. जोगेश्वरीचं फँटसी लँड तर कधीच मिटलं होतं. दिल्लीचं अप्पू घरही फेब्रुवारी २००८ मध्ये बंद झालं. शेवटच्या दिवशी तिथे आपल्या मुलांना घेऊन आलेल्यांत स्वतः तिथेच खेळून मोठे झालेले आईबाप होते.

एस्सेल वर्ल्डला असा शेवटचा दिवस मिळाला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशातल्या सगळ्याच उद्यानांसारखं तेही थांबलं. निर्बंध उठल्यावर वॉटर किंगडम पुन्हा सुरू झालं. एस्सेल वर्ल्ड मात्र २०२२ मध्ये ‘पुढील सूचनेपर्यंत’ तात्पुरतं बंद असल्याचं जाहीर झालं. ती बातमी आली तेव्हा समाजमाध्यमांवर जुन्या फोटोंचा पूर लोटला. बेलबॉटमवाले काका, दोन वेण्यांतली मावशी, पिवळट पडलेले कागद. जाणाऱ्याचा निरोप घ्यायलाच मिळाला नाही, अशी हळहळ त्यांत होती. आपण शेवटचे तिथे गेलो तो दिवस शेवटचा होता, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक असणार?

गोराईकरांच्या आठवणी मात्र पर्यटकांहून वेगळ्या आहेत, आणि त्याही सांगायला हव्यात. गोराई, मनोरी, उत्तन ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी समाजाची जुनी गावं. घरात मराठीचीच बोली, अंगणात क्रूस, शेतात भाजी, दारात होडी. शहरापासून इतकं जवळ असूनही ही गावं शहर झाली नाहीत, ती याच खाडीमुळे. एवढं मोठं उद्यान आल्यावर काहींना नोकऱ्या मिळाल्या, काहींचा धंदा वाढला. पण जमीन आणि पाणी यांची धास्तीही वाढली. २००० च्या दशकात इथे पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले आणि तो बेत मागे पडला. पाहुण्याला जे स्वप्नांचं गाव वाटत होतं, ते कुणाच्या तरी खऱ्या गावाला लागून होतं. सहलीला आलेल्यांचं तिकडे फारसं लक्ष जात नसे, कारण मान वर करून राइड बघण्यातच दिवस जायचा.

बंगळुरूच्या वंडरलाकडे पाहिलं, की असं उद्यान टिकतं कसं याची थोडी कल्पना येते. व्ही-गार्डचे कोचौसेफ चित्तिलप्पिल्ली यांनी २००० मध्ये कोचीला वीगालँड काढलं, मग बंगळुरू, २०१६ मध्ये हैदराबाद. जमीन आणि पाण्याच्या राइड्स एकाच तिकिटात, कित्येक राइड्स स्वतःच्याच कारखान्यात बनवलेल्या, आणि पत्ता महामार्गाला लागून. शास्त्र आणि हिशेब दोन्ही चोख. बिडदीच्या मुलांना त्याचं काय? त्यांना फक्त पुन्हा रांगेत उभं राहायचं असतं.

आजही बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून लाँच सुटते. तिच्यात आता मुख्यतः दोन प्रकारचे प्रवासी असतात. काही वॉटर किंगडमला निघालेले, आणि काही जागतिक विपश्यना पॅगोडा पाहायला. सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेनं उभा राहिलेला हा पॅगोडा एस्सेल वर्ल्डला अगदी खेटून आहे. त्यासाठी जमीन सुभाष चंद्र यांनीच दिली, आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एकाही खांबाशिवाय उभ्या असलेल्या त्याच्या घुमटाखाली आठ हजार साधक ध्यानाला बसू शकतात. एके काळी शेजारच्या आवारातून किंकाळ्या यायच्या, आता त्या बाजूलाही शांतता आहे. पॅगोडाकडे जाताना सोबतच्या मुलानं ‘तिकडे काय आहे?’ असं विचारलं, तर सांगायला वेळ हाताशी ठेवावा. पावसाळ्यात निघण्याआधी लाँच चालू आहे का, याची चौकशी केलेली बरी.