कोरी जागा

जलरंग हें मुलांचें माध्यम, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. आणि तिला कारणही तसेंच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलाच्या हातीं प्रथम पडते ती जलरंगांची पेटी. तैलरंग येतात ते मागाहून, मोठेपणीं आणि मोठ्या खर्चानें. त्यामुळें पन्नाशी उलटलेला, महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकविणारा एखादा गृहस्थ रविवारीं सकाळीं फळी, पाण्याची बाटली आणि चार कुंचले घेऊन नदीकडे निघाला, कीं शेजारच्या मंडळींना थोडें हंसूं येतें. त्या हंसण्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु माध्यमाविषयींची ती समजूत मात्र खरी नव्हे, एवढें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

जलरंग म्हणजे रंगद्रव्याची अत्यंत बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारा, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. तो पाण्यांत विरघळवून कागदावर पसरला म्हणजे त्याचा थर पारदर्शक राहतो. प्रकाश त्या थरांतून आंत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावर आदळतो आणि रंगांतून गाळून पुन्हा आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणजे चित्रांतला उजेड रंगाचा नसतो, तो कागदाचा असतो. तैलरंगांत गडद भागावर पांढऱ्याचा जाड हात देऊन ऊन उभें करतां येतें. जलरंगांत, निदान त्याच्या कडक शिस्तींत, ती सोय नाहीं. जेथें ऊन पाहिजे तेथें कागद कोरा राहिला पाहिजे, आणि एकदां त्यावर रंग गेला कीं तें कोरेपण पूर्णपणें परत मिळत नाहीं. म्हणून तैलचित्रकार जो निर्णय शेवटीं घेतो, तो जलरंग वापरणाऱ्यास पहिला कुंचला बुडविण्यापूर्वींच घ्यावा लागतो. काय काढावयाचें याहून कशाला हात लावावयाचा नाहीं, हें त्याला आधीं ठरवावें लागतें. मुलांच्या हातीं हें माध्यम देणाऱ्यांनीं या अडचणीचा फारसा विचार केला असेल, असें मला वाटत नाहीं.

एक उदाहरण देतों. वाईपासून थोड्याच अंतरावर, कृष्णेच्या कांठीं मेणवली आहे. नाना फडणिसांचा वाडा, त्याच्या मागें नदींत उतरलेला चंद्रकोरीसारखा घाट, आणि 1739 मध्यें वसई जिंकल्यावर मराठ्यांनीं आणलेली पोर्तुगीज घंटा जेथें टांगली आहे तें लहानसें बांधकाम, हें सर्व पुष्कळांनीं पाहिलें असेल. सकाळीं नऊच्या सुमारास उन्हें घाटावर तिरपीं येतात. पायऱ्यांचे माथे इतके उजळतात कीं त्यांना रंग म्हणून उरत नाहीं, आणि त्यांच्या उभ्या बाजू निळसर करड्या सावलींत राहतात. अशा वेळीं पायऱ्या काढावयाच्या नसतात. त्यांच्या उभ्या बाजूंवरची सावली तेवढी काढावयाची असते. ती एकामागून एक, कमीअधिक पाण्यानें, धीर धरून काढीत गेलें कीं मधल्या कोऱ्या पट्ट्या आपोआप दगड होतात. हें प्रथम साधलें त्या दिवशीं मला जो आनंद झाला, तो परीक्षेंत पहिला वर्ग मिळाला तेव्हांही झाला नव्हता.

या माध्यमांत दुसरा एक भागीदार असतो, आणि तो म्हणजे हवा. वैशाखांतल्या दुपारीं पठारावर चित्रास बसलें तर आभाळाचा निळा हात कागदाच्या दुसऱ्या टोकास पोहोंचण्याआधीं पहिलें टोक वाळलेलें असतें आणि मध्यें नको असलेली कडा उमटते. उलट श्रावणांत पांचगणीच्या धुक्यांत बसलें तर कागद तासभर ओलाच राहतो. डोंगराची कडा काढावी तों ती आपण होऊन ढगांत मिसळून जाते, आणि पुष्कळदां तें मिसळणें आपल्या योजनेपेक्षां अधिक खरें असतें. अल्ट्रामरीन नांवाच्या निळ्या रंगाचे कण पाण्यांत एकमेकांस चिकटून गोळा होतात. ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. त्यांत बर्न्ट सिएनाचा तांबूस मातकट रंग मिसळला कीं एक दाणेदार करडा रंग तयार होतो. सह्याद्रीच्या काळ्या पत्थराची खरखर दाखविण्यास त्याहून चांगलें साधन मला अजून सांपडलेलें नाहीं. येथें चित्र निम्में आपण काढतों आणि निम्में पाणी काढतें. ज्याला सगळें आपल्याच मताप्रमाणें व्हावयास पाहिजे असेल, त्यानें या वाटेस जाऊं नये.

आपल्याकडे ही वाट चालून गेलेले मोठे लोक आहेत. कोल्हापूरचे अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले आणि नांव मिळविण्याजोगी शहरांतली संधि सोडून कोल्हापुरास परतले. तेथें कोटितीर्थाच्या कांठीं राहून त्यांनीं तोच तलाव आणि तोच परिसर पुनःपुन्हां चितारला. 1931 मध्यें ते वारले. एकच पाणी मनुष्यास आयुष्यभर पुरतें, ही गोष्ट मला त्यांच्यामुळें पटली. सावळाराम हळदणकरांचें, हाताआड दिवा धरलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. कित्येक लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात. परंतु रविवर्मा 1906 मध्येंच वारले होते, आणि हें चित्र 1945च्या सुमाराचें आहे. तें तैलरंगांत नसून जलरंगांत आहे, हें कळल्यावर जाणकारही पुन्हा एकदां जवळ जाऊन पाहतात. उजेड राखून ठेवण्याची ही विद्या किती दूरवर नेतां येते, याचें तें चित्र म्हणजे एक प्रमाण होय.

परंतु ज्या प्रश्नासाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला, तो कौशल्याचा नाहीं. आम्हीं निसर्गचित्रें काढणारे लोक जें जें वगळतों, तें कोणत्या अधिकारानें वगळतों? घाटावरचा विजेचा खांब आम्ही काढीत नाहीं. पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, वळणावरचा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, हीं आमच्या कागदावर येत नाहींत. हें सौंदर्याचें प्रेम कीं सत्यापासून पळ काढणें? वर्गांत कवींच्या निसर्गप्रेमाविषयीं व्याख्यान देतांना असल्या शंकांना मीं पुष्कळदां उत्तरें दिलीं आहेत. पण दुसऱ्याच्या कवितेविषयीं उत्तर देणें सोपें असतें.

हा प्रश्न माझ्या घरांत आला तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या रूपानें. आमच्या गांवाकडील रस्त्यावर एक वड होता. त्याच्या पारंब्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस उतरल्या होत्या, आणि जाणारी प्रत्येक मोटार क्षणभर हिरव्या अंधारांत शिरून पुन्हा उन्हांत येत असे. मीं तो निरनिराळ्या ऋतूंत चार वेळां चितारला. पुढें रस्ता रुंद झाला आणि वड गेला. त्यानंतर वर्षभरानें हा विद्यार्थी भेटावयास आला. तो आतां स्थापत्य अभियंता आहे. बैठकींत त्या वडाचें चित्र टांगलेलें आहे. त्यापुढें तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सर, हा आपल्या रस्त्यावरचाच ना? त्या कामाचा आराखडा माझ्या टेबलावरून गेला होता. आराखड्यावर झाड म्हणजे एक लहानसें वर्तुळ असतें. त्यावर मीं फुली मारली."

मीं कांहीं बोललों नाहीं. चहा आला. थोड्या वेळानें तोच म्हणाला, "पण तुमच्याही चित्रांत पानें कुठें आहेत? एकही नाहीं."

तो दोष देण्यासाठीं बोलला नव्हता; त्याला खरोखरच कुतूहल होतें, आणि त्याचें म्हणणें बरोबरही होतें. त्या चित्रांत एकही पान नाहीं. दोनतीन हिरव्या रंगांचा ओला हात आहे, आणि त्यांत ठिकठिकाणीं सोडलेले कोरे ठिपके आहेत. पारंब्यांची संख्या कोणास मोजून हवी असेल तर तींतून मिळणार नाही. पुरावा म्हणून तें चित्र कोणत्याही कचेरींत टिकणार नाहीं. वगळणें त्यानेंही केलें होतें आणि मींही केलें होतें.

तो गेल्यावर कित्येक दिवस मी या गोष्टीचा विचार करीत होतों. शेवटीं मला जो भेद दिसला तो असा. आराखड्यांत जें वगळलें जातें तें पुढें नाहींसें करतां यावें म्हणून वगळलें जातें. त्या कोऱ्या ठिपक्यांत मात्र पानांमधून गळणारें ऊन होतें, आणि तें वांचवावें म्हणूनच मीं तेथें हात लावला नव्हता. कागदावरचा कोरेपणा दोन्हीकडे सारखाच दिसतो. पण एका ठिकाणीं कोणी तरी बराच वेळ पाहत बसलेलें असतें, आणि दुसऱ्या ठिकाणीं कोणी पाहिलेलेंच नसतें. हाच नियम मी आतां स्वतःस लावतों. ज्या गोष्टीकडे मीं पुरेसें पाहिलें आहे, तीच वगळण्याचा मला अधिकार आहे. विजेचा खांब वगळण्यापूर्वीं मी आतां त्याच्याकडेही पाहतों. आणि सांगावयास हरकत नाहीं, गेल्या दोन चित्रांत तो खांब आला आहे. उभ्या रेषेची तेथें गरजच होती.

जलरंग टिकाऊ नसतात, हेंही येथें सांगितलें पाहिजे. 1888 मध्यें रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनीं इंग्लंडांत प्रयोग करून दाखविलें कीं यांतले कित्येक रंग उजेडानें फिके पडतात, आणि दमट हवा त्या कामीं उजेडास साहाय्य करते. आपल्या पावसाळ्यांत हे दोन्ही शत्रू घरांतच असतात. माझ्या वडाचा हिरवा रंगही हळूहळू उतरेल. विद्यार्थ्यानें नंतर पत्र लिहून तें चित्र मागितलें, आणि मीं तें त्यास देण्याचें ठरविलें आहे. त्याच्या कचेरींत खिडकी उत्तरेस आहे, असें तो लिहितो. तेव्हां तेथें थेट ऊन फारसें येणार नाहीं. चित्र माझ्या भिंतीपेक्षां तेथें अधिक दिवस टिकेल, आणि ज्या टेबलावरून आराखडे जातात त्याच्या समोरच तें राहील.