जरा खाली वाका, मॅडम

कॉस्मेटिक क्लिनिकमधल्या काउन्सेलर मुलीने हातातला आरसा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता जरा खाली वाका, मॅडम." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. खाली वाकून बघितलं की कुणाचाही चेहरा लोंबतो. घरी येऊन मी विशीतल्या भाचीला तसंच वाकायला लावलं, तर तिचेही गाल ओघळले. पण हे घरी सुचलं. तिथे त्या एसीत, तीस वर्षं बँकेत लोकांचे कागद बारकाईने तपासणारी मी, मुकाट वाकले.

मुळात मधुमेह निघाला. भात सोडला, पहाटे चालायला लागले, 88 किलोंची 66 किलो झाले. साखर आटोक्यात आली आणि गालफडं बसली. ज्यांनी वर्षानुवर्षं "जरा कमी कर गं" म्हणून ऐकवलं, त्याच बायका लेडीज डब्यात हात धरून विचारायला लागल्या, "किती खंगलीस! सगळं ठीक आहे ना?" नणंदेने तर माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, वहिनीला काही मोठं तर नाही ना निघालं?" जाड होते तेव्हा निदान धडधाकट तरी समजत होते.

म्हणून त्या क्लिनिकमध्ये गेले. पोटाची चरबी काढून गालात भरतात, एवढं ऐकून होते. गेले होते फक्त गालांसाठी. त्या मुलीने पांढरी पेन्सिल घेतली आणि माझ्या चेहऱ्यावर खुणा करत सुटली. डोळ्यांखालचे खड्डे, बसलेली कानशिलं, ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीकडे उतरणाऱ्या रेघा, पातळ झालेला वरचा ओठ. यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. आता रोज दात घासताना दिसतं. पैसे न घेता तिने मला हे देऊन टाकलं. मग फोटो दाखवले. 'आधी'च्या फोटोत उजेड डोक्यावरून, बाई उदास; 'नंतर'च्या फोटोत उजेड समोरून, लिपस्टिक, हसू. चरबी न भरताही मी तेवढी तरुण दिसले असते. पॅकेज 1,40,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. या आठवड्यात बुक केलं तर हनुवटीखालची चरबी फुकट काढणार. पित्ताशयाच्या ऑपरेशनवर जीएसटी नाही, गालांवर आहे. सरकारी हिशेबात गाल म्हणजे चैन. विमा तर विचारूच नका, अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची दुरुस्ती असेल तरच.

डॉक्टर शेवटी उभ्या उभ्या येऊन गेले. "किती टिकेल?" विचारलं. "लाइफलाँग!"

भावाने पुण्याच्या एका सर्जनचं नाव सुचवलं, प्लास्टिक सर्जरीत एमसीएच केलेले. (ही पदवी आधी विचारा. पाटीवर 'एस्थेटिक' लिहायला कुणाची बंदी नाही.) त्यांनी आरसा काढलाच नाही. बारीक नळीने चरबी ओढायची, त्यातलं रक्त आणि तेल वेगळं करायचं आणि उरलेली थेंबाथेंबाने पेरायची, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या काही दिवसांत ज्या पेशींपर्यंत नवा रक्तपुरवठा पोचतो त्या जगतात, बाकीच्या शरीर शोषून घेतं. किती जगतील हे आधी सांगता येत नाही. सूज उतरून खरा चेहरा दिसायला 3 ते 6 महिने. "आणि डावा गाल कमी धरला तर?" "तर पुन्हा करायचं." बाजारातला हायलुरॉनिक फिलर चुकला तर इंजेक्शनने विरघळवता येतो, चरबीला तशी सोय नाही. चरबी चुकून धमनीत शिरली तर डोळ्यापर्यंत जाऊन दृष्टी जाऊ शकते. फार क्वचित होतं, पण होतं, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. त्या पांढऱ्या पेन्सिलवालीने डोळ्यांखाली खूण केली होती, डोळ्यांबद्दल मात्र चकार शब्द काढला नव्हता.

मग त्यांनी माझं पोट चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाले, "इथे फार काही उरलेलं नाही, मांडीतून घ्यावं लागेल." मला हसूच आलं. दोन वर्षं उपाशी राहून घालवली तीच चीज आता कमी पडत होती! वर त्यांनी बजावलं, पुन्हा वजन वाढलं तर गालही फुगतील. त्यांची अट अशी की सहा महिने वजन हललं नाही पाहिजे आणि साखरेचं एचबीएवनसी 7 च्या खाली हवं.

नवरा म्हणतो, "मला तू अशीच आवडतेस." छानच आहे, पण तो लेडीज डब्यातून जात नाही. नट्यांचे भरलेले गाल बघून "कशाला हे नखरे" म्हणणारी मीच होते, आणि मनातून अजून तसंच वाटतं. निरोगी बाईने निव्वळ लोकांच्या चौकशा थांबाव्यात म्हणून सुई का टोचून घ्यावी? तरी परवा एका लग्नाचे फोटो आले, त्यात मी कुठली हे शोधावं लागलं. तेव्हा वाटलं, लोक गेले खड्ड्यात, मलाच माझा चेहरा परत हवाय.

मैत्रिणीने सल्ला विचारला असता तर मी नको म्हटलं असतं. आजही म्हणेन. एफडी मोडायची नाही असं घरात ठरलंय, म्हणून गेल्या महिन्यात पगारातून वेगळी आरडी सुरू केली. काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, "मॅडम, कशासाठी?" मी म्हटलं, भाचीच्या लग्नासाठी.