सुकतीची वाट

कोल्हापूरला समुद्र नाही, असे आपण सहज म्हणतो. एके काळी तो होता. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते; १८१२च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. हे वाक्य आम्ही वर्गात कितीदा तरी उच्चारले असेल. गेल्या पौषात मात्र ते पायांनी वाचावे, या विचाराने आम्ही निघालो. जाताना दाजीपूरचे जंगल आणि फोंडा घाट, परतताना गगनबावडा, असा वळसा ठरला.

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावरून, मोरयाच्या धोंड्याजवळून पद्मगड दिसतो. ओहोटीला तिथवर चालत जाता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. द्वितीयेची भरती सुमारे दीडला, म्हणजे सुकती सकाळी साडेसातच्या आसपास. त्या बेताने आम्ही पुळण ओलांडून पाण्यात उतरलो आणि बेटावर पोचलो.

परतायची वेळ झाली तरी आमचे एक ज्येष्ठ सहकारी तटाच्या सावलीत बसून राहिले. यंदा त्यांचे निवृत्तीचे वर्ष. पुन्हा येणे घडणार नाही, हे त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक होते. "थोडा वेळ आणखी," ते म्हणाले. आम्हीही थांबलो. नऊ वाजून गेले. किनाऱ्यावरून एक मच्छीमार हातवारे करू लागला, तेव्हा कुठे आम्ही उठलो. पाणी मांडीपर्यंत आले होते. त्यांचे दोन्ही हात आम्ही धरले होते.

काठावर येऊन वळून पाहिले, तर वाट नव्हती. १८१२ हे साल सांगताना आता आमचा आवाज थोडा खाली येतो.