पिंपळे सौदागरमधील क्रोशाची बैठक

मुळा आणि पवना या दोन नद्या दापोडीला एकत्र येतात. त्या संगमाच्या वरच्या अंगाला 'पिंपळे' नावाची तीन गावे आहेत. पिंपळे निलख मुळेच्या काठी, तर पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर पवनेच्या काठी. सौदागर म्हणजे व्यापारी. निवृत्तीनंतर आम्ही येथे घर पाहू लागलो, तेव्हा एका नातलगांनी "नावच आपलं आहे, भाव काय पाहता?" असे सुचवले होते. सारी हयात बँकेत गेलेली असल्याने मी भाव पाहिलाच.

आज या गावात गावपण शोधावे लागते. पवनेच्या पलीकडे पिंपरीची कारखानदारी, पश्चिमेला वाकडमार्गे हिंजवडीच्या संगणक कंपन्या. या दोहोंच्या मध्ये सापडल्यामुळे कोकणे चौक, शिवार चौक, कुणाल आयकॉन रस्ता हा सगळा परिसर उंच इमारतींनी भरून गेला. या इमारतींत आपल्या समाजाची अनेक घरे आहेत. मुलगा हिंजवडीत नोकरीला, वडिलांची पेढी अजून जामखेडला किंवा पाथर्डीला, आणि आई नातवंडांसाठी येथे, असा संसार पुष्कळांचा. पेठेतल्या घराला ओटा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणे होई. अकराव्या मजल्यावर दार लावून घेतले की दुपार फार लांब होते.

आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर बुधवारी तीन ते पाच जी बैठक भरते, ती या लांबलेल्या दुपारीतून जन्मली. सहा जणी नेमाने येतात, दोघी-तिघी अधूनमधून. प्रत्येकीच्या पिशवीत दोऱ्याची गुंडी आणि क्रोशाची सुई असते. पाचला बैठक मोडते, कारण चौविहार असणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक आणि जेवण आटोपायचे असते.

क्रोशे हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ लहान आकडा एवढाच. सुईच्या टोकाला असलेल्या त्या आकड्याने एका फासातून दुसरा फास ओढून काढायचा, ही सगळी विद्या. आपल्या आयांनी तिला मराठी शब्द दिले. साध्या फासांची 'साखळी', उभ्या टाक्याचा 'खांब' आणि आखूड, दबलेल्या टाक्याचा 'मुका खांब'. हा शेवटचा शब्द ज्या बाईला सुचला, तिला मला एकदा भेटायला आवडले असते.

मी येथे गेले, तेव्हा तीस वर्षांत सुई धरलेली नव्हती. लग्नात रुखवतावर मांडलेले टेबलक्लॉथ माझ्याच हातचे होते. त्यानंतर बदल्या, परीक्षा आणि मुले. बैठकीतल्या ज्येष्ठ काकू मूळच्या नगरच्या, वय पंच्याहत्तर. पहिल्या दिवशी माझी कडा पाहून त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा दोरा फार ताणलाय. इथं कुणी तपासायला येत नाही."

गप्पांना विषयाचे बंधन नसते. सूनबाईचे ऑफिस, गुडघ्यांची शस्त्रक्रिया, कोणाकडे कोणाचे स्थळ चालले आहे, चातुर्मासात कोणते महाराजसाहेब येणार. दोन तऱ्हांचे वाद मात्र कायम रंगतात. पहिला दोऱ्याचा. रेशमी दोऱ्याची चमक कितीही असो, कोशातला जीव मारून तो निघतो म्हणून येथे सुतीच वापरला जातो. तरी सूत वीस नंबरचे की चाळीसचे यावर एकमत नाही. दुसरा वाद टॅटिंगवाल्या भाभींशी. त्या आकडा वापरत नाहीत. बोटावर ताणलेल्या दोऱ्याभोवती लहानशा धोट्याने गाठी मारत जातात. टॅटिंगची लेस अधिक नाजूक दिसते हे आम्हालाही मान्य आहे. मात्र त्यात चुकले की गाठ सुटता सुटत नाही. क्रोशात एकच फास मोकळा असतो. तो सोडून दोरा ओढला की ओळीच्या ओळी सरसर उसवतात. पास झालेले व्हाउचर आणि पेन्सिलीने केलेले टिपण यांत जो फरक, तोच हा, असे मी म्हटले होते. त्यावर भाभींनी दोन बुधवार माझ्याशी जेमतेम बोलणे ठेवले.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या आधी या खेळीमेळीत एक खरा प्रश्न येऊन पडला. परिचित घरातील एका बहिणीचे वर्षीतप पूर्ण होत होते. पारण्याच्या दिवशी प्रभावनेत नवकारवाळीसाठी क्रोशाच्या पिशव्या द्याव्यात, असे त्यांच्या दिरांच्या मनात आले. नग एकशे आठ. भाव त्यांनीच सांगितला, नगास ऐंशी रुपये. "तुम्हाला करायचंच असतं, वेळही जाईल आणि पुण्यही लागेल," असे ते अगदी प्रेमाने म्हणाले.

काकूंना आनंद झाला. धर्मकार्याचे पैसे घ्यावेत की नाही एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी सवयीने कागद काढला. एका पिशवीला आमच्यातल्या चपळ हातालाही पाच तास लागतात. दोरा वीस रुपयांचा. उरले साठ, म्हणजे तासाला बारा रुपये. एकूण तास पाचशे चाळीस. मी आकडे वाचून दाखवले, तेव्हा सभागृहात काही क्षण नुसत्या सुया चालत राहिल्या. मग बीडच्या एक वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना आम्ही तासाला बारा रुपये देऊ केले, तर त्या उद्यापासून येणार नाहीत."

हा हिशेब मी पहिल्यांदा केला नव्हता. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना एक बाई कर्जासाठी आल्या होत्या. कापडी पिशवीत क्रोशाची तोरणे, ताटावरचे रुमाल, तांब्यावर झाकायच्या मण्यांच्या जाळ्या. दोऱ्यासाठी त्यांना तीन हजार रुपये हवे होते. तोरणाला किती वेळ लागतो आणि काय मिळते ते मी विचारले, भागाकार केला, आणि 'व्यवसाय किफायतशीर नाही' असा शेरा लिहिला. भागाकार अचूक होता. हा भाव कोण ठरवतो, हे मात्र मी विचारले नाही. दोरा त्यांना पेठेतला दुकानदार उधारीवर देई, म्हणून तयार माल त्यालाच, त्याच्याच भावाने घालावा लागे. स्वतःचा दोरा घेता आला असता, तर तोरण दुसऱ्या कोणालाही विकता आले असते. त्यांनी मागितलेले तीन हजार नेमके त्यासाठीच होते. तो दुकानदार आपल्याच समाजाचा होता आणि शाखेचा उत्तम खातेदार. व्यवहाराला चोख असल्याने त्याच्याबद्दल काही खटकावे असे मला तेव्हा वाटलेही नाही.

हीच रीत मोठ्या प्रमाणावर आंध्रातील गोदावरीकाठच्या नरसापूरला होती. तेथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लेसचे काम शिकवले आणि त्यातून परदेशी निर्यात होणारा धंदा उभा राहिला. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील लेस करणाऱ्या स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली निघाले. घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या स्त्रियांना व्यापारी आणि घरचे पुरुष कामगार मानतच नसत. त्या गृहिणी, आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. नगावर मिळणारी मजुरीही त्याच बेताची. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, याचे समाधान आहेच. पण क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र कारखान्यांत अजून आलेले नाही. मीटरवर मिळते ती यंत्राची लेस वेगळ्या विणीची असते. तेव्हा दुकानात क्रोशाची वस्तू फार स्वस्त दिसली, तर ती एक तर नक्कल असते, किंवा कोणाच्या तरी हातांचे तास त्यात जमेस धरलेले नसतात. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या बायकांनी याच आकड्यावर घरे जगवली होती. हौस म्हणून याकडे पाहणे ही पोट भरलेल्यांची सोय आहे, आणि तिचा लाभ मीही घेते.

दिरांना उत्तर द्यायला आम्ही तिघी गेलो. मी कागद पुढे ठेवला. ते व्यापारी माणूस, दोन मिनिटांत सगळे उमगले. "हा हिशेब आजवर कुणी दाखवलाच नव्हता," ते म्हणाले. जरा वेळ अवघडल्यासारखे झाले, कारण घरातल्या वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आणि त्यांच्या हातच्या वस्तू त्या घरात जागोजागी होत्या. तोड त्या वहिनींनीच सुचवली. पिशवी शिंप्याकडून सुती कापडाची शिवून घ्यावी, आम्ही तोंडाशी फक्त लेसची कडा घालावी.

कडेला चाळीस मिनिटे लागतात. तासाला साठ रुपये धरले, तर चाळीस रुपये मजुरी आणि पाचचा दोरा. शिंप्याने पिशवीचे पस्तीस सांगितले. बेरीज ऐंशी झाली. एकूण बहात्तर तास, सहा जणींत बारा-बारा. तीन आठवड्यांत काम पुरे झाले आणि पारण्याला उसाच्या रसाबरोबर पिशव्या वाटल्या गेल्या.

सगळे गोडीगुलाबीने मिटले असे नाही. काकूंनी पैसे घेण्यास शेवटपर्यंत नकार दिला. आपला वाटा त्यांनी परस्पर पांजरपोळाला पाठवायला सांगितला. "तुमचा हिशेब खरा असेल, पण मी विणताना नवकार म्हणते, त्याचा तास किती धरणार?" असे त्यांनी मला सर्वांसमोर विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. उलट बीडच्या वहिनींनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हातच्या कामाचे पैसे घेतले, आणि ते कशावर खर्च केले हे त्या अजून कोणाला सांगत नाहीत.

गेल्या बुधवारी मी पुन्हा टेबलक्लॉथ सुरू केला. तिसऱ्या फेरीत एक खांब कमी पडला होता, ते सहाव्या फेरीला लक्षात आले. कडेला एक जास्त घालून मिळवून घ्यावे असा माझा विचार होता. काकूंनी चष्म्यावरून पाहिले.

"उसवा, मॅडम."

"तीन फेऱ्या?"

"तीनच आहेत. आणि पाचला अजून वीस मिनिटं आहेत."

मी सुई काढली आणि दोरा ओढला.